आधी शब्द, मग नाद

बलिप्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांतील एक. या दिवशी घरात नवी वस्तू आणावी, तिला हळदकुंकू वाहावे आणि मगच ती वापरास घ्यावी, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. एके काळी या मुहूर्तावर तांब्यापितळेची भांडी येत. पुढे शिवणयंत्र आले, रेडिओ आला, दूरचित्रवाणी संच आला. आता त्या संचाखाली ठेवावयाची एक लांबट, आडवी पेटी दुकानोदुकानी मांडलेली दिसते. तिला साउंडबार म्हणतात. यंदाच्या पाडव्याला ती अनेक घरांचा उंबरा ओलांडील. सणाच्या पानावर अशा यंत्राची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. आमच्या मते ती येथेच व्हावयास हवी.

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली, तिचा आरंभ श्रवणापासून होतो. समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकातील पहिला समास श्रवणभक्तीलाच दिला आहे. कीर्तनाचे स्थान त्यानंतरचे. आज ज्या वृद्ध मंडळींना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांचे श्रवण बहुतांशी घरातील दूरचित्रवाणीवरच चालते. सकाळचे कीर्तन, एकादशीचे प्रवचन, आषाढीची महापूजा, सारे त्यांच्यापर्यंत त्या एका संचातून पोहोचते. तेव्हा त्यातून निघणारा शब्द त्यांच्या कानी स्पष्ट पडतो की नाही, हे पाहणे चैनीच्या सदरात मोडत नाही. ते घरातील कर्त्या माणसांचे कर्तव्य ठरते.

या कर्तव्यास आम्हीच कसे चुकलो, ते सांगण्यास संकोच वाटतो; तरी सांगतो. आमच्या मातोश्रींचे वय ८२. रोज सकाळी स्नान, जप आटोपून त्या संचापुढे हात जोडून बसत. अभंग सुरू झाला की त्यांचे ओठ हलत, हाताने ठेका धरला जाई. त्यांना सारे ऐकू येते अशी आमची खात्रीच होती. एकदा बुवांनी आख्यानात काही विनोद केला, श्रोते हसले, आम्हीही हसलो. मातोश्री मात्र आधी आमच्या तोंडाकडे पाहून मग हसल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "बुवा काय म्हणाले रे? वर्ष झालं, त्यांचे ओठ हलताना दिसतात, शब्द काही लागत नाही. आवाज वाढवा म्हणावं, तर मुलांचा अभ्यास असतो." अभंग त्यांना पाठ होते, म्हणून ते स्मरणाने ऐकू येत. निरूपण पाठ नव्हते. ते त्यांच्यापुरते बंदच झाले होते. वर्षभर आई कीर्तनास बसत होती आणि कीर्तन तिला घडत नव्हते, याचा एका छपराखाली राहणाऱ्या आम्हांस पत्ता नव्हता.

असे का व्हावे, याचा शोध घेता दोन कारणे समजली. पहिले संचाचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्या काळचे संच लाकडी कपाटासारखे असत आणि त्यांचे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असत. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण मालिका लागे, तेव्हा एका संचापुढे सारी चाळ गोळा होई आणि शेवटच्या रांगेतील आजीलाही संवाद कळत. आजचे संच बोटाएवढे बारीक झाले. चित्र वाढले, पण स्पीकरला जागा उरली नाही. तो चिमुकला होऊन खाली किंवा मागे वळला. आवाज आता भिंतीवर नाहीतर टेबलावर आपटून मग आपल्याकडे येतो.

दुसरे कारण कानाचे. उतारवयात ऐकणे कमी होते ते सरसकट नव्हे. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. भाषेतील स्वर जोरकस व खालच्या पट्टीचे, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने हलकी आणि उंच पट्टीची, ती गळतात. म्हणून वृद्ध माणूस म्हणतो, आवाज येतो पण बोलणे समजत नाही. आपण आवाज वाढवितो, त्याबरोबर मृदंगही वाढतो, आणि शब्द पूर्वीइतकाच बुडालेला राहतो.

हे ध्यानी न घेता आम्ही पहिली खरेदी केली. विक्रेत्याने चित्रपटातील एक स्फोट ऐकविला, दुकानाची काच थरथरली, आमच्या चिरंजीवांचे डोळे चमकले आणि यंत्र घरी आले. सोबत सबवूफर नावाचा खर्जाचा वेगळा डबा होता. दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात मृदंगाने घर हादरले, खालच्या मजल्यावरील शेजारी वर आले आणि मातोश्रींनी जपमाळ घेऊन आतल्या खोलीत जाणे पसंत केले. थोडी पदरमोड करून ते यंत्र आम्ही बदलून घेतले. त्या अनुभवातून निघालेले चार शब्द वाचकांपुढे ठेवतो.

पहिले, वॅटच्या आकड्याने दिपून जाऊ नये. वॅट दसपट झाले तरी कानाला आवाज सुमारे दुप्पटच वाटतो. दिवाणखान्यातील कीर्तनास थोडे वॅट पुरतात. पाहावयाचे ते दुसरेच आकडे. पेटीवर २.१, ३.१, ५.१.२ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला अंक मुख्य ध्वनिमार्गांचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा छताकडे आवाज फेकणाऱ्या स्पीकरांचा. पहिला अंक तीन असेल तर मधोमध एक स्पीकर बोलण्यासाठी राखलेला असतो. ज्या घरात वृद्ध श्रोते आहेत, त्या घराने हा मधला स्पीकर आधी मागावा. छताकडे आवाज फेकण्याची करामत डॉल्बी अ‍ॅटमॉस या तंत्राची. ते २०१२ साली चित्रपटगृहांत आले. तशा मुद्रणाचा चित्रपट पाहावयाचा असेल तर त्याचा आनंद आहेच. परंतु साध्या दोन मार्गांवर मुद्रित झालेल्या प्रवचनात त्या स्पीकरांना मूळचे असे काम नसते. बोलणे उठावदार करणारी कळ आहे का, तेही विचारावे. सबवूफर असल्यास त्याचा जोर वेगळा कमी करता यावा.

दुसरे, जोडणी तारेने करावी. संचाच्या मागे एचडीएमआयची जी खाच 'एआरसी' म्हणून दाखविलेली असते, तिलाच तार लावावी. म्हणजे बहुधा संचाच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो आणि वृद्धांच्या हाती दुसरा रिमोट द्यावा लागत नाही. जुन्या संचास ऑप्टिकल तार चालते. बिनतारी ब्लूटूथने आवाज मागे पडण्याचा संभव असतो. बुवांचा ओठ एक बोलतो आणि कान दुसरे ऐकतो. पेटी कपाटाच्या खणात कोंडू नये. आणि पाडव्याच्या पूजेत कुंकू, अक्षता व फुले तिच्या जाळीवर न वाहता कडेला वाहावीत. निरांजन तर तिच्यावर मुळीच ठेवू नये.

तिसरे, आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते, परीक्षा कोणी घ्यावी हे. ती तरुण कानांनी घेऊ नये. शक्य असल्यास घरातील ज्येष्ठांनाच दुकानात न्यावे, आणि त्यांना माहीत नसलेले आख्यान लावावे. ओळखीचा अभंग स्मरण भरून काढते. "ऐकू येतं ना?" असे विचारू नये. आपली माणसे संकोचाने "हो" म्हणतात. "बुवा आत्ता काय म्हणाले, सांगा बरं," असे विचारावे. उत्तर आले तर यंत्र पसंत.

चौथे, खरेदीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. संचाच्या मांडणीतच बोलणे स्पष्ट करण्याची सोय पुष्कळदा असते; ती आधी लावून पाहावी, कदाचित खर्च वाचेल. आणि ज्येष्ठांचे कान वैद्यांकडून तपासून घ्यावेत. ज्यांना श्रवणयंत्राची गरज आहे, त्यांना साउंडबार आणून दिल्याने आपले कर्तव्य संपत नाही.

कोणी म्हणतील, भक्तीला यंत्र कशाला? देवळातील कीर्तनाची सर यंत्रास येणार नाही, हे आम्हांसही मान्य आहे. ज्येष्ठांना आधार देऊन देवळात नेता येत असेल तर ते अधिक चांगले. परंतु जे जाऊ शकत नाहीत, त्यांना मूक चित्रापुढे बसविणे ही भक्ती नव्हे. तितकेच दुसरे पथ्यही पाळले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे १० ते ६. शेजाऱ्याची झोप मोडून ऐकलेले नामस्मरण देवाच्या दारी कसे रुजू व्हावे?

आमच्या घरी आता मधला स्पीकर असलेली साधी पेटी आहे. मातोश्रींचे कानही तपासून झाले. परवा कीर्तन चालू असता आम्ही वर्तमानपत्रात डोके घालून बसलो होतो. बुवांच्या विनोदावर त्या आमच्याआधी हसल्या, आणि "ऐकलंस का रे?" म्हणून तो आम्हांस पुन्हा सांगितला. पाडव्याच्या ओवाळणीत याहून मोठे आम्हांस काही नको. वाचकांच्या घरीही यंदा असाच शब्द ज्येष्ठांच्या कानी पडो, हीच दीपावलीनिमित्त प्रार्थना.