कासव सोडले, पण वाचले का?

जाळ्यात अडकलेले कासव खलाशांनी सोडवले, ते वल्ह्यासारखे पाय मारत खोल पाण्यात गेले, की होडीवरच्या सगळ्यांना हायसे वाटते. मोबाइलवरची चित्रफीतही तिथेच संपते. त्यानंतर कासवाचे काय होते, याचा छडा स्पेनमधल्या एका पशुवैद्यकाने लावला. त्याचे उत्तर कोकण किनाऱ्यालाही विचारात पाडणारे आहे.

व्हॅलेन्सियातील ओशनोग्राफिक मत्स्यालयाचे डॉ. डॅनियल गार्सिया-पारागा यांच्याकडे तिथले मच्छीमार जाळ्यात आलेली लॉगरहेड कासवे आणून देत. बरीच कासवे वरकरणी धडधाकट असत. त्यातली काही मात्र काही तासांत सुस्तावत, पाय हलवेनाशी होत आणि मरत. पोटात पाणी गेले असेल, दमछाक झाली असेल, असे म्हणून सोडून देणे सोपे होते. गार्सिया-पारागा आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण व सोनोग्राफी केली, मेलेल्यांचे शवविच्छेदन केले. रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात, अगदी हृदयातही वायूचे बुडबुडे निघाले. घाईने वर आलेल्या पाणबुड्याला होतो तोच हा आजार. जन्मभर बुड्या मारणाऱ्या कासवाला तो होतच नाही, असे तोवर मानले जात होते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाने तो समज मोडला. पुढे अटलांटिकमध्ये थेट ट्रॉलरवर केलेल्या तपासणीतही हेच आढळले.

कासव स्वतःहून बुडी मारते तेव्हा फुप्फुसाकडे जाणारा रक्तप्रवाह आवळून धरते, त्यामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा मिसळत नाही. जाळ्यात धडपडताना हा ताबा सुटत असावा, असा या संशोधकांचा कयास आहे. मग नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि जाळे वर ओढताच त्याचे बुडबुडे होतात. अशा कासवाला दाबकक्षात ठेवून दाब हळूहळू उतरवला तर ते बरे होऊ शकते. समुद्रात सोडले, तर ते सगळ्यांच्या नजरेआड मरू शकते, आणि तरी वाचलेल्यांच्या यादीत जमा होते.

इथे पशुवैद्यकाची वेगळी नजर दिसते. घरटी मोजणाऱ्या जीवशास्त्रज्ञाला कळपाचे चित्र कळते. एकेका जनावराचा मृत्यू कशाने झाला, हे शव उघडणाऱ्यालाच कळते. हा तपशील लहान नाही. डेबोरा क्राउस आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्येच गणिताने दाखवून दिले होते, की लॉगरहेडची संख्या सावरायची तर केवळ अंडी राखून भागत नाही. मोठी पिल्ले आणि प्रौढ कासवे जाळ्यांतून वाचली पाहिजेत. प्रजननाच्या वयाला पोचायला कासवाला दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात. तेवढी टिकलेली मादी गेली, तर एका घरट्याने तिची भरपाई होत नाही.

आपल्याकडे अंड्यांचे काम चांगले उभे राहिले. वेळासपासून सुरू झालेली घरटी राखण्याची चळवळ गावकऱ्यांनी आपली मानली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. जाळे कापून संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा राज्य सरकारचा 2018 चा निर्णयही स्तुत्य आहे. फाटक्या जाळ्याचा भुर्दंड एकट्या कोळ्याने का सोसावा? मात्र ही योजना कासव पाण्यात गेले की थांबते. आपली अनेक जाळी उथळ पाण्यात ओढली जातात, ही जमेची बाजू, कारण खोलीबरोबर हा धोका वाढतो. तरी निपचित पडलेले कासव घाईने परत लोटू नये, एवढे तांडेलाला सांगणारे कुणीतरी बंदरावर हवे.

जखमी कासवांवरील उपचारांत डहाणूच्या केंद्राने आणि तिथल्या डॉ. दिनेश विन्हेरकरांनी वाट दाखवली आहे. पण एवढ्या लांब किनाऱ्याची मदार अशा मोजक्या माणसांच्या हौसेवर ठेवता येणार नाही. पशुवैद्यकीय पदवीचा भर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्र्या-मांजरांवर असतो, ते रास्तही आहे. परंतु ज्या विद्यापीठाच्या नावातच पशू आणि मत्स्य ही दोन्ही विज्ञाने नांदतात, त्याला समुद्री प्राण्यांच्या वैद्यकाचा एक छोटा अभ्यासक्रम जड जाऊ नये. तो शिकलेल्या तरुणाला नोकरी मात्र हवी, नाहीतर तो दुसऱ्याच वर्षी शहरात कुत्र्यांचा दवाखाना थाटेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

म्हणून वन आणि पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून किनारी जिल्ह्यांत प्रत्येकी किमान एक प्रशिक्षित पशुवैद्यक नेमावा, त्याच्या हाती सोनोग्राफीचे यंत्र द्यावे आणि सुरुवात मिरकरवाडा व हर्णे बंदरांपासून करावी.