सिरॅमिक ब्रेकची झीज आणि तिसऱ्या मालकाचे बिल

2001 मध्ये पोर्शेने 911 जीटी2 या गाडीला कार्बन-सिरॅमिक ब्रेक मूळ किमतीतच बसवून दिले. 2002 मध्ये फेरारीने एन्झोला तेच केले आणि 2008 पासून तर फेरारीच्या सगळ्याच गाड्यांत ते आले. विकताना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या गेल्या. एक, बिडाच्या डिस्कपेक्षा वजन जवळपास निम्मे. आणि दुसरी, आयुष्य जवळजवळ गाडीइतकेच. रस्त्यावरच्या वापरासाठी तीन लाख किलोमीटरपर्यंतचे आकडे दिले गेले. पहिली गोष्ट निर्विवाद खरी आहे. दुसरी एका अटीवर खरी आहे, आणि ती अट गिऱ्हाइकाला पुरेशी स्पष्ट सांगितली जात नाही. त्या काळातल्या गाड्या आता हात बदलत तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे पोहोचल्या आहेत, त्यामुळे न सांगितलेल्या अटीची किंमत भलताच माणूस मोजतो. या डिस्कची उरलेली ताकद मोजता येते. मग ती मोजून, बदलण्याच्या खर्चासह, विक्रीच्या कागदावर लिहून देणे बंधनकारक असायला हवे.

ही अट समजण्यासाठी डिस्क बनते कशी ते पाहावे लागते. कार्बनच्या कापलेल्या धाग्यांत राळ मिसळून ते साच्यात दाबतात, प्राणवायू नसलेल्या भट्टीत भाजून राळेचाही कार्बन करतात आणि मग निर्वात भट्टीत सुमारे 1700 अंश सेल्सिअस तापमानाला वितळलेले सिलिकॉन त्या सच्छिद्र चकतीत मुरवतात. सिलिकॉन आणि कार्बन यांच्या संयोगातून सिलिकॉन कार्बाइड तयार होते. डिस्कचा विलक्षण कठीणपणा त्यातून येतो, आणि तडकू न देणारा चिवटपणा आत शिल्लक राहिलेल्या धाग्यांतून. बिडाची डिस्क पॅडने घासून पातळ होत जाते. सिरॅमिक डिस्क रोजच्या वापरात तशी फारशी घासलीच जात नाही. तिचा खरा शत्रू उष्णता आहे. डिस्क साधारण 500 अंशांच्या वर तापत राहिली की तिच्यातला कार्बन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून वायुरूपाने निघून जाऊ लागतो, म्हणजे डिस्क आतून हळूहळू जळत जाते. शहरात किंवा महामार्गावर ती तिथवर क्वचितच तापते. रेसिंग ट्रॅकवर मात्र दोनशेच्या पुढच्या वेगावरून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबताना ती प्रत्येक फेरीत तापते. तेव्हा या डिस्कचे आयुष्य किलोमीटरमध्ये सांगणेच मुळात चुकीचे आहे. दहा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची डिस्क संपलेली असू शकते आणि लाखभर चाललेल्या गाडीची ठणठणीत. मीटरवरचा आकडा अस्सल असला तरी जुनी गाडी घेणाऱ्याला तो इथे काहीच सांगत नाही.

हे कंपन्यांना पक्के ठाऊक आहे, आणि त्याचा पुरावा डिस्कवरच मिळतो. बिडाच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. सिरॅमिक डिस्कवर किमान वजन, तेही ग्रॅममध्ये, छापलेले आढळते. जळालेला कार्बन जाडीत दिसत नाही, वजनात दिसतो. पुढे हातात धरायची विद्युत उपकरणेही आली. ती डिस्कच्या ठरावीक जागांवर टेकवली की उरलेल्या कार्बनचा अंदाज मिळतो आणि तो डिस्कवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहता येतो. पोर्शेने डिस्कच्या पृष्ठभागावर झिजेच्या खुणाही दिल्या. एवढी तजवीज असूनही जुन्या गाडीच्या व्यवहारात ‘ब्रेक उत्तम’ एवढा शेरा पुरेसा समजला जातो. उष्णतेखेरीज आणखी एक धोका आहे. चाक काढता-बसवताना रिमचा धक्का लागला तर डिस्कची कड उडू शकते. म्हणूनच चाक सरळ रेषेत सरकावे यासाठी हबमध्ये मार्गदर्शक पिन लावण्याची सूचना असते. पंक्चर काढणाऱ्या कारागिराला ही सूचना कोणी सांगितलेली नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मग बिल येते. चारही डिस्क आणि पॅड नव्याने घ्यायचे तर रक्कम किती होते, याची एक उघड खूण टेस्लाने दिली. 2021 च्या अखेरीस मॉडेल एस प्लेडसाठी कार्बन-सिरॅमिक ब्रेकचा संच कंपनीने 20,000 डॉलरला जाहीर केला. त्यात कॅलिपरही होते हे खरे, पण आजच्या भावाने ती रक्कम सोळा लाख रुपयांच्या पुढे जाते. एवढ्यात आपल्याकडे कुटुंबाची नवी गाडी येते. झीज होणारा भाग म्हणून डिस्क सहसा वॉरंटीत धरल्या जात नाहीत. एकच डिस्क खराब झाली तरी समतोलासाठी त्याच अक्षावरची दुसरीही बदलण्याचा सल्ला मिळतो.

यावर पहिले उत्तर कामगिरीचे दिले जाते, आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजे. सिरॅमिक ब्रेक सतत तापूनही सहसा दगा देत नाहीत. एका गाडीत पंधरा-वीस किलो वजन तरी वाचते, तेही स्प्रिंगच्या खालचे, म्हणून चाक रस्त्याला अधिक चांगले धरून राहते. रिमवर काळी भुकटी जवळपास साठत नाही. आपल्या मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बिडाच्या डिस्कवर रात्रीत तांबूस थर चढतो, तसा गंजही यांना लागत नाही. पण एकदाच करकचून ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे डिस्कपेक्षा टायरची पकड ठरवते. चांगली बिडाची डिस्कही चाक जाम होण्याच्या मर्यादेपर्यंत सहज नेते. सिरॅमिकचा खरा फायदा दहाव्या, विसाव्या ब्रेकला दिसतो, म्हणजे ट्रॅकवर; आणि ट्रॅकवरच सिरॅमिक डिस्क सर्वात लवकर संपते. म्हणून ट्रॅकवर नियमित जाणारे अनेक 911 जीटी3 मालक सिरॅमिक डिस्क काढून जपून ठेवतात आणि बिडाच्या लावतात. तज्ज्ञ गिऱ्हाईक स्वतःहून असा निर्णय घेत असेल, तर तो पर्याय पहिल्या दिवसापासून कारखान्यातूनच मिळायला हवा. जीटी3मध्ये पोर्शे तो देते. जिथे सिरॅमिक सक्तीचे आहे तिथे तो हक्क जातो. नंतरच्या पिढ्यांच्या डिस्क पहिल्या पिढीपेक्षा बऱ्याच टिकाऊ झाल्या हेही मान्य करायला हवे, पण म्हणून शिल्लक ताकद सांगण्याची गरज संपत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कोट्यवधींची गाडी घेणाऱ्याच्या ब्रेकची चिंता सामान्य वाचकाने का करावी. कारण ही गाडी सहसा कायम कोट्यवधींची राहत नाही. पंधरा वर्षांनी ती बऱ्याचदा मूळ किमतीच्या अंशाला विकली जाते, आणि ती घेणारा अनेकदा बचत साठवून हौस पुरी करणारा पगारदार किंवा छोटा व्यावसायिक असतो. गाडीची किंमत उतरते, डिस्कची उतरत नाही. मुंबई-पुण्याच्या बाजारातही अशा आयात गाड्या हात बदलतात, आणि इथे सुट्या भागावर सीमाशुल्क आणि वाट पाहण्याचे आठवडे वेगळे. शिवाय बदलणे परवडत नसेल तर माणूस संपत आलेल्या डिस्कवरच गाडी चालवत राहतो. तो खंडाळ्याचा घाट उतरत असेल तेव्हा त्याच्या पुढच्या गाडीत आपल्यापैकी कोणीही असू शकते.

मोजून सांगण्याची मागणी अव्यवहार्य आहे, असेही कोणी म्हणेल. पण युरोपीय संघाने युरो 7 नियमांत विजेच्या गाडीच्या बॅटरीला पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरला किमान 80 टक्के आणि आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरला किमान 72 टक्के क्षमता टिकवण्याची अट घातली आहे. बॅटरीची प्रकृती चालकाला दिसावी, अशीही त्यात तरतूद आहे. जळून हलकी होणारी डिस्क हे त्याहून सोपे प्रकरण आहे. त्याच नियमांनी ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीलाही पहिल्यांदा मर्यादा घातली, त्यामुळे बिडावर कठीण लेप दिलेल्या डिस्कना वाव मिळेल. पोर्शेने कायेनसाठी टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली डिस्क 2017 मध्येच आणली. तिची धूळ खूप कमी, आयुष्य साध्या डिस्कपेक्षा जास्त आणि किंमत सिरॅमिकच्या मानाने बरीच खाली. इंग्लंडमधली सरफेस ट्रान्सफॉर्म्स कंपनी अखंड धाग्यांच्या डिस्क बनवते आणि झिजलेली डिस्क फेकून देण्याऐवजी पुन्हा तयार करता येते असे सांगते. मूळ गाडी बनवणाऱ्यांनी हीच सोय स्वतःच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावी, डिस्कची सुटी किंमत शोरूममधल्या किंमतपत्रकावर छापावी, आणि प्रत्येक वार्षिक सर्व्हिसला चारही डिस्कचे मोजमाप सर्व्हिस बुकात नोंदवावे. जुनी गाडी घेणाऱ्यानेही आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर ही नोंद मागावी, आणि ती मिळेपर्यंत बयाणा देऊ नये.