आधी गोळी, मग उपदेश

मागच्या महिन्यात कॉलेजच्या जुन्या मित्रांची बैठक जमली होती. बोलता बोलता विषय एचआयव्हीवर आला. आमच्यातला एक जण, चांगला शिकलेला आणि मनाने चांगला, म्हणाला, "असल्या पेशंटला निदान झालं त्याच दिवशी गोळ्या देऊन काय उपयोग? आधी महिनाभर समजावून सांगा, सुधारतो का बघा. ज्याचा स्वतःवर ताबा नाही, तो रोज गोळी कशी घेणार?" बऱ्याच माना डोलल्या. मी गप्प बसलो, कारण हाताशी आकडे नव्हते. घरी येऊन वाचायला लागलो. त्या रात्री न दिलेलं उत्तर आज देतोय.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या कामाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो: माणूस पहिल्या पानावर आला आणि शेवटच्या पानापर्यंत पोचला नाही, तर मध्ये कुठे गळाला? इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. मध्ये एक पान वाढवलं की माणसं गळतात. "उद्या पुन्हा या" म्हटलं की आणखी गळतात. तेव्हा आम्ही "लोकांचा निर्धारच कच्चा" असं म्हणत नाही. म्हटलं तर साहेब दारातूनच परत पाठवतील. आम्ही म्हणतो, आपला फॉर्म चुकला. दवाखान्याच्या बाबतीत मात्र आपण उलटा न्याय लावतो. हेलपाटे घालायला लावायचे आपण, आणि पेशंट आला नाही की बेजबाबदार तो!

मित्राचा प्रश्न नवा नाही. तो खऱ्या माणसांवर, खऱ्या दवाखान्यात तपासला गेला आहे, आणि तोही हैतीसारख्या देशात. या अभ्यासांच्या काळात हैती जगातल्या सगळ्यात गरीब देशांत मोजला जात होता. तिथली राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये 'गेस्किओ' ही संस्था १९८२ पासून या आजारावर काम करते.

पहिला प्रश्न होता, उपचार कधी सुरू करायचे? एचआयव्हीचा विषाणू आपल्या प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी मारतो. तेव्हा हैतीतला नियम असा होता की एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी २०० च्या खाली गेल्या, किंवा एड्सची लक्षणं दिसली, की औषध द्यायचं. म्हणजे घर पुरेसं जळेपर्यंत बंब बोलवायचा नाही. गेस्किओने ज्यांच्या पेशी २०० ते ३५० दरम्यान होत्या असे ८१६ प्रौढ घेतले. अर्ध्यांना लगेच औषध दिलं, अर्ध्यांना नियमाप्रमाणे थांबवलं. लगेच सुरू केलेल्यांत ६ जण दगावले, थांबलेल्यांत २३. क्षयरोग पहिल्या गटात १८ जणांना झाला, दुसऱ्यात ३६ जणांना. फरक इतका उघड होता की २००९ मध्ये देखरेख मंडळाने तुलना थांबवायला सांगितली आणि सगळ्यांना औषध देऊ केलं. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रश्न थेट माझ्या मित्राचा होता. निदानाच्या दिवशीच गोळी द्यावी, की आधी तयारी करून घ्यावी? २०१३ ते २०१५ या काळात गेस्किओनेच तो तपासला. अजून गंभीर आजारी नसलेल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ३५६ जणांच्या गटाला त्या वेळची रीत लागू केली: तीन आठवडे डॉक्टर आणि समुपदेशकाच्या भेटी, मग २१व्या दिवशी औषध. ३४७ जणांना तपासण्या उरकून त्याच दिवशी पहिली गोळी दिली. वर्षाअखेर थांबवलेल्या गटातले ७२ टक्के लोक उपचारात टिकून होते, त्याच दिवशी सुरू केलेल्यांतले ८० टक्के. उपचारात आहेत आणि विषाणू नगण्य पातळीवर दाबला गेला आहे, असे एकीकडे ४४ टक्के, दुसरीकडे ५३ टक्के. मृत्यू एकीकडे २०, दुसरीकडे १०.

थोडक्यात, ज्या तीन आठवड्यांत माणूस 'तयार' व्हायला हवा होता, त्यानंतर तो जास्त टिकला नाही, उलट कमी टिकला. यातली आणखी एक गोष्ट नीट पाहा. लगेच गोळी मिळालेल्यांचं समुपदेशन कुणी रद्द केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यांत त्यांनाही डॉक्टर आणि समुपदेशक भेटतच होते. फक्त क्रम बदलला. समजावणं गोळीच्या आड आलं नाही, गोळीच्या सोबतीला आलं.

आता मित्राची बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, कारण तिच्यात तथ्य आहे. मलावी हा आफ्रिकेतला असाच गरीब देश. तिथे सीडी-४ मोजायची यंत्रं सगळीकडे नव्हती. म्हणून २०११ मध्ये सरकारने ठरवलं की गरोदर स्त्रीला एचआयव्ही आढळला, तर पेशींचा आकडा न विचारता तिला आयुष्यभराचे उपचार सुरू करायचे. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की गरोदरपणात असे उपचार सुरू केलेल्या स्त्रिया पहिल्या भेटीनंतर परत न येण्याची शक्यता, स्वतःच्या आजारपणामुळे उपचार सुरू केलेल्यांच्या पाचपट होती. "बघ, घाई केली की पळतात," असं कुणीही म्हणेल.

पण पूर्ण हिशोब करा. निर्णयाआधी एका तिमाहीत तिथे १,२५७ गरोदर किंवा स्तनदा स्त्रियांना उपचार सुरू होत होते. सव्वा वर्षानंतर तो आकडा १०,६६३ झाला. पूर्वी ज्यांना औषध मिळालंच नाही, त्या 'सोडून गेलेल्यां'च्या यादीत कधी आल्याच नाहीत. दारातून परत पाठवलेला माणूस गळतीत मोजला जात नाही, एवढीच त्या जुन्या पद्धतीची हुशारी. आणि ज्या परत आल्या नाहीत, त्यांच्या अडचणींची कल्पना करणं कठीण नाही. अंगात आजार जाणवत नाही, नवऱ्याला सांगायची भीती, दवाखाना लांब, गाडीभाड्याला पैसे नाहीत. यातली कोणती अडचण तीन आठवडे गोळी न दिल्याने सुटते? उलट प्रत्येक जादा फेरीने ती वाढतेच. मलावीचा धडा 'थांबा' असा नाही. धडा असा की पहिल्या गोळीबरोबर सोबत द्या आणि पुढच्या आठवड्यात विचारपूस करा.

थांबायला खरी कारणंही असतात. मेंदूच्या आवरणाला बुरशीचा किंवा क्षयाचा संसर्ग असेल, तर आधी त्याचे उपचार करून एचआयव्हीचं औषध काही आठवडे पुढे ढकलतात, कारण घाईने जीव धोक्यात येऊ शकतो. हे डॉक्टरने तपासून ठरवायचं असतं. पेशंटला "तयार आहेस का?" असं विचारणंही योग्यच आहे. पण तो "हो" म्हणाला की विश्वास ठेवा. त्याच्या मेंदूची तपासणी वेगळी आणि त्याच्या चारित्र्याची वेगळी.

गरिबांच्या चारित्र्यावर शंका घेण्याची ही सवय जुनी आहे. २००१ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत विभागाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की आफ्रिकेतल्या अनेकांना घड्याळाची वेळच कळत नाही, ते ठरल्या वेळी गोळ्या कशा घेणार. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा गोळ्या नीट घेणारे आफ्रिकेत सुमारे ७७ टक्के निघाले आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के. महागाईची सबबही त्याच २००१ मध्ये निघाली. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा संच ३५० डॉलरला देऊ केला. श्रीमंत देशांत त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे होती. आपल्याच शहरातून गेलेल्या या गोळ्यांनी गरीब देशांचा रस्ता मोकळा केला. आता आपणच त्या रस्त्यावर नाकं बांधायची का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार द्या. २०१७ मध्ये सांगितलं की सात दिवसांच्या आत द्या, आणि जो तयार आहे त्याला त्याच दिवशी. २०१७ मध्येच भारताने पेशींच्या आकड्याची अट काढली. आपल्याकडे सरकारी एआरटी केंद्रात हे औषध २००४ पासून मोफत मिळतं.

मग हा वाद आज का? कारण २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली आणि गरीब देशांतल्या औषधांच्या पैशाचं काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पैसा कमी पडला की रांग लावायची वेळ येते. रांगेत पुढे कोण, हे तेव्हा माझ्या मित्रासारखीच चांगली माणसं ठरवतात. "ज्याची चूक नाही त्याला आधी द्या" हे वाक्य ऐकायला किती न्यायाचं वाटतं! म्हणूनच मी या लेखात मुद्दाम 'निष्पाप' बायकोचं किंवा तान्ह्या बाळाचं उदाहरण दिलेलं नाही. ते दिलं की बाकीचे आपोआप दोषी ठरतात. आजार कसा झाला हा प्रश्न डॉक्टरला उपचारासाठी लागेल तेवढाच. तुम्हाआम्हाला तो विचारायचा अधिकार नाही.

माझ्या मुस्लिम तरुण मित्रमैत्रिणींना एवढंच सांगायचं आहे. आपल्या मोहल्ल्यात हा शब्द अजून कुजबुजत बोलला जातो. उद्या कुणी विश्वासाने तुमच्यापाशी येऊन सांगेल, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय." तेव्हा 'कसं झालं' विचारू नका. तौबा आणि नसीब यांवर बोलायला आयुष्य पडलं आहे, आणि ते आयुष्य त्याला गोळीनेच मिळणार आहे. नीट औषध घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही त्याला सांगा. मग गाडी काढा आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर एआरटी केंद्रात जा. पुढच्या आठवड्यात फोन करा.

त्या मित्राला हा लेख पाठवतोय. पुढच्या बैठकीला मी गप्प बसणार नाही.