सशांचे बाळंतपण

सशांची जोडी घरी आणणे सोपे असते. तिचा संसार समजून घेणे मात्र तितके सोपे नसते. मादी गाभण राहिल्यापासून सुमारे 31 दिवसांनी एके सकाळी पिंजऱ्यातील गवतात काहीतरी हालताना दिसते. आपल्याच अंगाची लव उपटून मातेने तेथे मऊ बिछाना केलेला असतो आणि त्यात डोळे मिटलेली, केसांवाचून उघडी अशी पाचसात पिल्ले पडलेली असतात. पुढे केस आले, की दुसरे नवल दिसते. दोन्ही करड्या मातापित्यांच्या पोटी एखादे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे पिल्लू निघते! पांढरेपणाचा गुण दोघांच्याही ठायी सुप्त असला, तरच असे घडते.

परंतु खरा अन्याय होतो तो मातेवर. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, चारपाच मिनिटेच पिल्लांना पाजते आणि दूर जाऊन बसते. घरची मंडळी तिला निष्ठुर ठरवतात व पिल्ले उचलून त्यांना गाईचे दूध पाजू लागतात. बिचारी पुष्कळदा त्यानेच दगावतात. वास्तविक शत्रूला बिळाचा सुगावा लागू नये, म्हणून युरोपातील रानसशांत रुजलेली ही सावधगिरी होय. पिल्लांची पोटे गोल व अंग उबदार असेल, तर मातेवर विश्वास ठेवणेच इष्ट.

नराला मात्र प्रसूतीपूर्वीच वेगळे ठेवावे. पिल्ले झाल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, आणि पहिल्या पिल्लांची सोय लागण्यापूर्वीच गवतात पुन्हा काहीतरी हालू लागते.