कणा मोडलेल्या मजुराचे काय?

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली उपोषणामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. परंतु अशा गावात विहिरीत वा झाडावरून पडून शेतमजुराचा कणा मोडला, तर ते दुःख उंबऱ्याआडच राहते.

मज्जारज्जूला इजा झाली की पाय लुळे पडतात, एवढेच लोकांना दिसते. खरा घात पुढे होतो. संवेदना गेल्याने पाठीला जखमा होऊन चिघळतात. लघवीवरील ताबा सुटून जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर नुसत्या तुंबलेल्या लघवीनेही रक्तदाब एकाएकी भडकून प्राणावर बेतते. दर दोन तासांनी कूस बदलणे, वेळच्या वेळी स्वच्छ नळीने लघवी काढणे, एवढ्यानेही यातील बरेच टळते.

जायबंदी जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे, हे उचितच होय. शेतात राबणाऱ्या भूमिहीनाला मात्र राज्याच्या शेतकरी अपघात योजनेतही स्थान नाही. ती खातेदाराच्या कुटुंबापुरतीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गरिबांना, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. नळ्या, गादी आणि जाणती परिचारिका आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे काय, हा जाब कार्यकर्त्यांनी आता विचारलाच पाहिजे.