नियमांतील पळवाटा आणि इतिहासाचे इमान

ऐतिहासिक डावपेचांच्या व्हिडिओ गेम्सविषयी जो वाद वारंवार झडतो, त्यातील दोन पक्ष ठरलेले आहेत. एका पक्षाच्या मते नियमव्यवस्था जे जे करू देते ते सारे न्याय्य. पळवाट हेरून तिचा लाभ उठवणे हेच कौशल्य. दुसऱ्या पक्षाच्या मते हा खिलाडूवृत्तीचा भंग. रचनाकाराला जे अभिप्रेत होते त्याच मर्यादेत खेळाडूने राहावे. हे पक्ष परस्परविरोधी भासतात. वस्तुतः एका गृहीतावर त्यांचे पूर्ण एकमत आहे: नियम अंतिम आहे आणि निवाडा करायचा तो केवळ खेळाडूच्या वर्तनाचा. हे गृहीतच सदोष आहे. बुद्धिबळातील उंट तिरका चालतो, त्यातून वाळवंटातील उंटाविषयी कोणतेही विधान संभवत नाही. परंतु इतिहासाचा दावा सांगणाऱ्या खेळातील नियम हे भूतकाळातील कार्यकारणभावाविषयीचे विधान असते. विधानाची परीक्षा सभ्यतेच्या निकषावर होत नाही. ते काय सांगते आणि ते कितपत खरे, यावर होते.

पहिल्या पक्षाचा युक्तिवाद डेव्हिड सर्लिन यांनी 'प्लेइंग टु विन' या पुस्तकात सर्वांत रोखठोकपणे मांडला आहे. नियमांत नसलेली बंधने स्वतःवर लादून घेणारा आणि ती न पाळणाऱ्याला दोष देणारा खेळाडू प्रत्यक्ष खेळ खेळतच नसतो, असे त्यांचे म्हणणे. दोन माणसांच्या चुरशीच्या लढतीपुरते ते मान्य करता येईल. पण तेथून ते उचलून इतिहासाच्या खेळावर चिकटवणे म्हणजे इतिहासाला नुसती रंगरंगोटी समजणे होय. 'सिव्हिलायझेशन २' (१९९६) मध्ये नगर ज्या चौकटीवर वसते तिचे उत्पन्न नागरिक न राबवताच मिळते. परिणामी मोजकी मोठी नगरे वाढवण्यापेक्षा असंख्य खुजी नगरे खेटून वसवणे अधिक किफायतशीर ठरते. या युक्तीतून नागरीकरणाविषयी काहीही उलगडत नाही. उलगडते ती हिशेबाची एक सोय. पुढे 'सिव्हिलायझेशन ३' (२००१) मध्ये राजधानीपासूनचे अंतर आणि नगरांची संख्या यांनुसार वाढणारा भ्रष्टाचार आला, तर चौथ्या भागात (२००५) नगरांचा देखभालखर्च. याकडे केवळ पळवाट बुजवणे म्हणून पाहणे अपुरे आहे. विस्ताराला प्रशासकीय किंमत मोजावी लागते, हे मुळात सुटून गेलेले विधान संहितेत घातले गेले. याला पाठसंशोधनच म्हटले पाहिजे.

याउलट 'क्रुसेडर किंग्ज २' (२०१२) पाहावा. वारसांत राज्याची वाटणी करणारा कायदा लागू असेल, तर कॅथलिक राजा धाकट्या मुलाला बिशपपद देऊन वारसाहक्कातून बाद करू शकतो. हीदेखील नियमाच्या फटीतून काढलेली वाट आहे. परंतु मध्ययुगीन युरोपातील सरदार घराणी धाकट्या मुलांना चर्चच्या सेवेत धाडत, त्यामागील एक हिशेब खेळाडूच्या हाती येथे आपसूक लागतो. एक पळवाट इतिहासाच्या बाहेर नेते, दुसरी त्याच्या आत. दोहोंना 'कौशल्य' म्हणून सरसकट गौरवणारा किंवा 'लबाडी' म्हणून सरसकट हिणवणारा समीक्षक हा भेद पाहूच शकत नाही.

दुसऱ्या पक्षाची अडचण अधिक गंभीर आहे. त्याची भिस्त रचनाकाराच्या हेतूवर आहे, आणि विमसॅट व बिअर्ड्‌स्ली यांच्या १९४६ मधील निबंधानंतर हेतूचा आधार किती ठिसूळ, हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगावे लागू नये. शिवाय हा हेतू एकसंध नसतो. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) मध्ये 'आयर्नमॅन' या पद्धतीत मागे जाऊन चूक सुधारण्याची वाट बंद केलेली असते. म्हणजे खिलाडूवृत्ती यंत्राकरवीच राबवली जाते. त्याच खेळात रियुक्यू या चिमुकल्या द्वीपराज्यातून आरंभ करून सारी पृथ्वी जिंकणाऱ्यास खास बहुमान ठेवलेला आहे. प्रत्यक्षात हे राज्य १६०९ मध्ये सात्सुमाच्या स्वारीत नमले आणि १८७९ मध्ये जपानने ते विलीन करून घेतले. हा बहुमान पळवाटा धुंडाळल्यावाचून सहसा लाभत नाही. मग रचनाकाराला अभिप्रेत काय होते?

आणि समजा, खेळाडू सर्वथा सचोटीचा आहे. याच खेळात वसाहत उभारायच्या प्रांतातील मूळ रहिवासी एका आकड्याने दर्शवले जातात. त्यांच्या उठावाची भीती नको असेल तर सैन्य धाडून हल्ल्याची आज्ञा देता येते. आकडा शून्यावर येतो, भीती संपते. त्यांच्या सामिलीकरणातून पुढे मिळणारा आर्थिक लाभ बुडतो, एवढाच तोटा. येथे पळवाट नाही की फसवणूक नाही. खिलाडूवृत्तीच्या संहितेत या कृतीला कोणताही आक्षेप संभवत नाही. निर्वंशाचा हिशेब नियमाप्रमाणे करणारा सभ्य, आणि बिशपपदाची युक्ती योजणारा लबाड! नियमाशी कोण प्रामाणिक, एवढेच विचारणारी नीती, नियम स्वतः कशाशी प्रामाणिक, हा प्रश्न टाळण्याची सोय करून देते.

योहान हॉयझिंगा यांनी १९३८ मध्ये लबाड खेळाडू आणि खेळ मोडणारा यांत भेद केला होता: लबाड निदान खेळाचे वर्तुळ मानल्याचे दाखवतो. एस्पेन आर्सेथ यांनी २००७ मध्ये इझरच्या अभिप्रेत वाचकाच्या धर्तीवर अभिप्रेत खेळाडूची कल्पना मांडली आणि मर्यादाभंगात खेळाच्या जुलमाविरुद्धचे प्रतीकात्मक बंड पाहिले. ऐतिहासिक खेळांपुरते हे बंड संशयास्पद आहे. रियुक्यूतून जग जिंकणारा कोणाविरुद्ध बंड करतो? विस्तार म्हणजेच यश, ही खेळाची मूळ श्रद्धा तो इतरांहून अधिक निष्ठेने पाळतो. तो व्यवस्थेचा सर्वांत आज्ञाधारक प्रजाजन आहे. उंबेर्तो इको यांनी संहितेचा अर्थ लावणे आणि संहिता वापरणे यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो: असा खेळाडू नियम वापरतो, वाचत नाही.

मराठी समीक्षेला हा पेच अपरिचित नाही. कलाकृतीची स्वायत्तता आणि तिचे लौकिक जगाशी असलेले नाते यांतील ताण रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथाने सविस्तर तपासला. 'नियमात बसते ना, मग झाले' हे म्हणणे स्वायत्ततावादाचेच स्वस्त रूप आहे. खेळ स्वतःपुरता पुरेसा असेल तर त्याने ऑटोमन, पोर्तुगीज, विजयनगर ही नावे का धारण करावीत? नावे घ्यायची, त्यांच्या अधिकाराने गांभीर्य मिळवायचे आणि जाब विचारला की 'हा तर खेळ' म्हणायचे, ही खरी लबाडी होय. आणि ती खेळाडूची नव्हे.

म्हणून अभ्यासकाने प्रत्येक पळवाटेसमोर विचारावे, की येथे भूतकाळाविषयीचे कोणते विधान मोडले, कोणते उघडे पडले आणि कोणते मुळात केलेच गेले नव्हते. खेळाडूच्या चारित्र्याची चौकशी त्यानंतर करावी. बहुधा तिची गरज उरणार नाही.