'हेफ्ट' म्हणजे निव्वळ कुरण नव्हे

उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील 'हेफ्ट' हा शब्द 'कुरण' म्हणून उरकणाऱ्या भाषांतरकारांशी आमचे भांडण आहे. तेथील सामाईक डोंगरांवर कळपाकळपांत कुंपण नसते. तरी हर्डविक मेंढ्यांचा कळप आपल्याच टापूत चरतो. ही हद्द मेंढी कोकराला शिकवते. जमीन आणि तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जडलेली ही सवय, दोन्ही मिळून हेफ्ट. २००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीत असे काही कळप मारले गेले. गवत राहिले, हेफ्ट गेले. विकत आणलेल्या मेंढ्यांना तो डोंगर ठाऊक नव्हता. ही हानी 'कुरण' या शब्दात मावतच नाही. शब्द दुर्मीळ आहे, ही सबब आम्हांस मान्य नाही. तो तसाच ठेवावा आणि एका वाक्यात उलगडून सांगावा. एवढे कष्ट भाषांतरकाराने घ्यायलाच हवेत.